ते छत्तीस फोटो

या ग्रुपवरचे अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगू का, निम्मे वाचून मला हसू येतं. पांढरी साडी, घुंगरांचा आवाज, नेमकी तिथंच बंद पडणारी मोटरसायकल... कंटाळा कसा येत नाही लोकांना? मी अंबाजोगाईला शाळेत ड्रॉइंग टीचर आहे आणि सुट्टीत हातानं अ‍ॅनिमेशन करते. एका सेकंदाला बारा फोटो. पडद्यावर जे हलतं ते आधी कुणीतरी बारा वेळा हातानं हलवलेलं असतं, हे मी रोज बघते. आपोआप काही हलत नाही, एवढी एकच गोष्ट मला या जगाबद्दल नक्की माहीत होती.

होती, असं लिहावं लागतंय म्हणूनच ही पोस्ट. एक विनंती – खाली नारळ, लिंबू, शांत असले उपाय सुचवू नका. मला कसलाही त्रास नाही. मला फक्त उत्तर हवंय.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जागा – बीडहून येताना नेकनूरच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायचं, तिथून आत तीन किलोमीटर. गावाचं नाव देत नाही, उगाच लोक गाड्या घेऊन बघायला जातील. गावाच्या तोंडाशीच, रस्त्याला लागून, सहकारी दूध संस्थेचं बंद पडलेलं संकलन केंद्र आहे. दगडी भिंतींची एक खोली, वर स्लॅब, आत दूध ठेवायचा सिमेंटचा ओटा आणि भिंतीवर हिरव्या रंगात ‘दुधात पाणी मिसळणे हा गुन्हा आहे’. त्या वर्षी दूधही नव्हतं आणि पाणीही नव्हतं, त्यामुळे ती पाटी वाचून रोज हसायचे मी.

तिथं कशाला तडमडले? तर आई जाऊन चार महिने झाले होते. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच होतो. आता दोघींची भांडी आणि मी एकटी. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि माझ्या लक्षात आलं, की आता दीड महिना मला कुणीही ‘बाई’ म्हणूनसुद्धा हाक मारणार नाही. ती भीती मी कुणाला बोलून दाखवली नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याचे सासरे त्या दूध संस्थेचे शेवटचे चेअरमन. ते म्हणाले, खोली नुसती पडून आहे, मॅडम, काय खेळायचं ते खेळा. खेळायचं, म्हणे!

मला तीन मिनिटांची फिल्म करायची होती – कोरड्या नदीच्या काठानं एक माणूस चालत घरी येतोय. बस, एवढीच गोष्ट. कागदावर नाही, मातीत. केंद्राच्या पायरीजवळची काळी माती मी मलमलच्या फडक्यानं तीनदा चाळली. खिडकीचं एक तावदान काढून दुधाच्या दोन क्यानांवर आडवं ठेवलं, खाली ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारे छोटे दिवे लावले. क्यान टांगून वजन करायचा लोखंडी आकडा छतात होताच, त्याला कॅमेरा उलटा बांधला आणि फोटोचं बटण वायरनं खाली हाताशी घेतलं. दुधाचं फॅट बघायच्या काचेच्या नळ्या एका खोक्यात सापडल्या. त्यातून माती इतकी बारीक सुटायची की माणसाच्या पापणीएवढी रेघ मारता यावी. बाकी हत्यारं म्हणजे कोंबडीचं पीस, तुटका कंगवा, काडेपेटीतली काडी.

या कामाची एक गंमत आहे, गंमत म्हणा नाहीतर शिक्षा म्हणा. काचेवर माती पसरून चित्र करायचं, फोटो घ्यायचा, आणि मग तेच चित्र मोडून पुढचं करायचं. पाय केसभर पुढं सरकवायचा, पुन्हा फोटो. मागचं चित्र गेलं ते गेलं. तासाला सात-आठ फोटो झाले तर चांगला दिवस. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार करायचा, पंखा लावायचा नाही कारण माती उडते, शिंकायचं नाही, आणि घामाचा थेंब काचेवर पडू द्यायचा नाही. बाहेर बेचाळीस डिग्री. रस्त्यावरून टँकर गेला तरी काच थरथरते आणि माणसाचा गुडघा जागचा हलतो. म्हणून मी तिथं गेल्या गेल्या काय विचारलं असेल तर टँकर कधी येतो हे. दर तिसऱ्या दिवशी, अकराच्या पुढं.

झोपायला-जेवायला मी समोरच होते, गयामावशींकडे. साठीच्या पुढच्या, काटक, एकट्या. केंद्राची किल्ली त्यांच्याकडेच असायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपल्या वाटणीतली अर्धी घागर पाणी दिलं. त्या वर्षी अर्धी घागर म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी नको नको म्हटलं तर खेकसल्या, “घ्या गप. आंगोळ न्हाई करनार का? वास येईल पोरीच्या जातीला.” सत्तेचाळीस वर्षांची मी! पण बरं वाटलं.

मावशींची एक सवय मला दोन दिवसांत कळली. त्या घराला कधी बाहेरून कडी घालत नसत. टँकरला जाताना, शेजारी जाताना, दार सताड उघडं. मला वाटलं, चोरण्यासारखं काय आहे म्हणून असेल.

पहिले आठ सेकंद मी तीन दिवसांत केले. शहाण्णव फोटो. चाल कशी असावी म्हणून मी स्वतःच त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघायचे, टाच कधी उचलते, गुडघा कधी वाकतो, आणि तसं मातीत करायचे. तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवर सगळं चालवून बघितलं आणि डोकंच फिरलं. माणूस छान चालत होता, पण दर सहा-सात पावलांनी उजव्या पायावर थबकत होता. टाच बाहेर वळवायचा, जरासा थांबायचा, मग पुढं.

आमच्या धंद्यात हे कशामुळं होतं ते नवशिक्यालाही माहीत असतं. चहाला उठलात, परत आलात, मघाचा फोटो घेतला होता की नाही हे विसरलात आणि पुन्हा घेतलात. एकच चित्र दोनदा आलं की माणूस थबकतो. पण ही चूक होऊ नये म्हणून मी गेली कित्येक वर्षं एक पद्धत ठेवलीय. दोन वाट्या, एकीत ज्वारीचे दाणे. फोटोचं बटण टिक झालं की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. मी दाणे मोजले. शहाण्णव. फोटो शहाण्णव. मग एकेक फोटो ताणून बघितला. एकही दुबार नव्हता. थबकण्याच्या जागी तीन-तीन फोटोंत पाय जवळजवळ तिथंच होता, फक्त टाच किंचित किंचित बाहेर वळत गेलेली. म्हणजे ते मीच केलं होतं, सावकाश, काळजीपूर्वक, आणि मला आठवत नव्हतं.

उन्हानं डोकं भरकटलं असेल, असं म्हणून सगळं पुसलं. पुन्हा तीन दिवस. या वेळी प्रत्येक पाऊल काचेखाली खुणा करून, मोजून मापून. पुन्हा थबकला! मी एवढी चिडले की पीस मोडून टाकलं.

तेवढ्यात गयामावशी भाकरी घेऊन आल्या. मी चालू ठेवलेली फिल्म लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा फिरत होती. मावशी दारातच उभ्या राहिल्या. मग भाकरीचं फडकं तसंच हातात धरून खाली बसल्या.

“बाई, ह्यांना कुठं बगितलं तुमी?”

“कुणाला?”

“आमच्या मालकाला.”

मला हसू आलं. “मावशी, ही माती आहे. मी स्वतः चालून बघितलं, तसंच केलंय.”

“तुमी अशा चालत न्हाई,” मावशी म्हणाल्या. इतक्या शांतपणे म्हणाल्या की माझं हसू तिथंच थांबलं.

मग त्यांनी सांगितलं ते सांगते. त्यांचे मालक, रंगनाथराव, या केंद्रात दुधाचं माप घ्यायचे. नाव मला नंतर चेअरमनकडून कळलं, मावशी नाव घेत नसत. कधीतरी भरलेला क्यान उजव्या पायावर पडला होता, तेव्हापासून सहा-सात पावलांनी टाच बाहेर काढून थांबायचे. मावशी चुलीपुढं बसून त्या पावलांवरनं ओळखायच्या की आले. बारा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात लोकांनी जनावरं विकली, दूध आटत आटत एका क्यानावर आलं, तेही अर्ध्या. एका क्यानासाठी टेम्पो येईना. संस्था बंद करायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी रंगनाथराव तो क्यान खांद्यावर घेऊन शीतकरण केंद्राकडं चालत निघाले. लोक म्हणाले, ओतून द्या, कुत्र्याला घाला. ते म्हणाले, घेतलेलं दूध पोचवायचं असतं.

“दूध पोचलं बगा,” मावशी म्हणाल्या. “तितल्या मानसानं क्यान उतरून घेतला, पानी दिलं प्यायला. पानी पिऊन निघाले म्हनला. तितून पुढं कुनीच न्हाई बगितलं.”

शोध झाला, पोलीस झाले. फोटो म्हणाल तर संस्थेच्या ओळखपत्रावरचा एक, तोही पुसट. मी ते गाव त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्या माणसाचं नावही ऐकलं नव्हतं. हे मी हजारदा तपासलंय, त्यामुळे कमेंटमध्ये ‘लहानपणी कुठंतरी पाहिलं असेल’ लिहू नका. लहानपणी मी अंबाजोगाईच्या बाहेर आजोळी सोडून कुठं गेलेही नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या मुलाचा फोन आला. दत्ता चाकणला कंपनीत आहे. पोरगा चांगला, आवाजात काळजी होती. आई, पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतोय, टँकरवर किती दिवस काढणार, या वेळी न्हाई म्हनू नको. मावशी फोन ठेवून उंबऱ्यात बसल्या. मी शेजारी जाऊन बसले.

“जा की मावशी. नळाला पाणी असेल तिथं.”

“आन् मी गेल्यावर हे आले तर? कुलूप बगून माघारी जातील. लई मानी मानूस. दुसऱ्यांदा हाक मारनार न्हाई.”

तेव्हा मला त्या उघड्या दाराचा अर्थ कळला. बारा वर्षं.

मग मावशी माझ्याकडं वळल्या. “बाई, तुमचा मानूस नुसता चालतूयच, चालतूयच. पोचवा की त्याला एकदा.”

“कुठं पोचवू?”

“माज्या दारात. आत आला तर मी ऱ्हाते. दत्ताला काय सांगायचं ते मी सांगते. मग कोन काय म्हनंल ते म्हनू दे.”

“मावशी, अहो, मातीचं आहे ते. त्यावर कुठं काय ठरवायचं?”

“मंग कशावर ठरवू? बारा वर्सं झाली, कुनी एक शब्द सांगितला का मला?”

“आणि नाही आला आत तर?”

त्या हसल्या. “तुमीच करनार म्हनल्यावर कावून न्हाई यायचा?”

इथं मला एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. मला आनंद झाला. माझ्या हातात होतं ना सगळं! आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला कुणीतरी जेवायला हाक मारत होतं, कुणीतरी माझ्यावर खेकसत होतं. मावशी राहिल्या तर मी दर सुट्टीला येईन, दिवाळीत येईन, असं मनात आखूनसुद्धा झालं होतं. चाकणला त्यांना पाणी मिळेल, नातवंडं मिळतील, हे कळत होतं. तरी मी ठरवलं, माणूस आत जाणार. दुसरा विचारच केला नाही.

सहा दिवस होते. काचेवर मी मावशींचंच दार काढलं, दोन फळ्यांचं, सताड उघडं, वर छोटी चौकट. माणूस उजवीकडून येणार, दारापुढं थांबणार, आत जाणार. मावशी रोज सकाळी समोर येऊन ओट्याला टेकून बसायच्या. अंधारात त्यांना काय करायला द्यावं म्हणून मी दाण्यांच्या वाट्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. टिक झालं की एक दाणा. एकही चुकला नाही त्यांचा. मी संध्याकाळी मोजायचे तेव्हा फोटो तेवढेच.

बोलणं फार नसायचं, बोललं तर माती हलते. पण असं कुणीतरी शेजारी बसून आपलं काम मोजतंय... मला वाटतं माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले सहा दिवस. माणूस थबकत थबकत येत होता. आता मी ते दुरुस्त करत नव्हते. तो थबकला की मावशींचा हात वाटीत क्षणभर थांबायचा.

शनिवारी सकाळी दोनशे अकरावा फोटो झाला. माणूस दारापुढं उभा. आता दुपारी त्याला आत घ्यायचं, की झालं. रविवारी दत्ता येणार. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा – टँकर आला! त्या दिवशी त्याची पाळी नव्हती, पण आला. मी बटण खाली ठेवलं, दिवे तसेच राहू दिले. मावशींचा गुडघा धरला होता. त्यांना म्हटलं, तुम्ही बसा, काचेला हात लावू नका, मी दोघींचं घेऊन येते.

टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि मग दोरानं ओढून घ्यायचं. ही गर्दी. माझ्या हाताला सवय नाही, बायका हसत होत्या, “मास्तरीनबाई, दोर धरा, पिळू नका!” चार घागरी आणल्या, त्या समोरच्या घरात नेऊन ठेवल्या. सगळा मिळून तास झाला असेल, फार तर सव्वा तास.

खोलीत आले. मावशी तशाच ओट्याला टेकून, वाटी मांडीवर. काचेवर दार होतं. माणूस नव्हता.

मी ओरडलेच. मला वाटलं टँकरनं काच हलली आणि सहा दिवस मातीत गेले. पण हलली असती तर दारही विस्कटलं असतं. दाराची रेघन् रेघ साफ होती. फक्त उघड्या काढलेल्या फळ्या आता मिटलेल्या होत्या, आणि वर एक बारीक रेघ जास्त होती, फळीवरून चौकटीकडं गेलेली. मी काढलेल्या दाराला ती नव्हती.

कॅमेरा लॅपटॉपला जोडला. फोटो दोनशे सत्तेचाळीस.

चालवून बघितलं. माणूस येतो, दारापुढं थांबतो. माझं काम तिथं संपतं. पुढं तीन सेकंद आहेत. माणूस मान वर करतो, घराकडं बघतो. उजवा हात उचलतो आणि दोन्ही फळ्या ओढून घेऊन वरची कडी घालतो. मग वळतो आणि डावीकडं चालायला लागतो. काचेच्या कडेशी एकदा थबकतो, टाच बाहेर. मग जातो.

मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मी त्यांच्याकडं वळले. आवाज चढला माझा, आज लाज वाटते. “मावशी, तुम्ही हात लावलात?”

“न्हाई बाई. आईची आन.”

“मग हे फोटो कुणी काढले?”

“तुमीच की. टिक झालं की मी दाना टाकीत व्हते. तुमी सांगितलं तसं.”

“मी इथं नव्हते! मी विहिरीवर होते!”

मावशी गोंधळल्या. “मला काय ठावं. तुमी माघारी आला आसंल म्हनलं. अंदारात दिसतंय काय, नुसते हात दिसत व्हते काचंवर. मी काय बोलले न्हाई, माती हालती म्हनून.”

मी दाणे मोजले. दोनशे सत्तेचाळीस. पुन्हा मोजले. तेवढेच.

आता तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला म्हणून झालंय. मावशींनीच केलं असेल – सहा दिवस शेजारी बसून बघत होत्या, बटण समोर होतं. असेल. पण तासाला सात-आठ फोटो ही माझी गती, वीस वर्षांच्या सवयीनंतरची. छत्तीस फोटो सव्वा तासात, तेही असे की हात खांद्यातून उचलला जावा, बोटं कडीवर वळावीत... ते मला आजही जमणार नाही. मावशींना डुलकी लागली असेल. असेल, पण मग दाणे कुणी टाकले? फोटोवरची वेळ बघा म्हणाल, तर माझा कॅमेरा जुना, बॅटरी काढली की घड्याळ शून्यावर जातं, ते मी कधी लावलंच नव्हतं. त्या छत्तिसांतल्या एका फोटोत कोपऱ्याला अंगठ्याचं टोक आलंय. हात बाजूला घ्यायच्या आधी बटण दाबलं की असं होतं, नवशिक्याची चूक. धूसर आहे. कुणाचा ते कळत नाही, मी पुष्कळ बघितलं. मावशींना दाखवलं तर त्यांनी स्क्रीनवर त्या जागेला एकदा बोट लावलं.

मग त्या उठल्या. त्या जे म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“त्यांनीच कडी घातली, बाई. आता मला काय भ्या न्हाई.”

“मावशी, मी तो पुसते. पुन्हा करते. रात्रभर बसते, सकाळपर्यंत आत नेते त्याला.” मी खरंच असं म्हटलं. रडत म्हटलं.

“नगा. जाऊ द्या त्याला.” माझ्या तोंडावरून हात फिरवला त्यांनी. हाताला ज्वारीचा वास होता. “आन् मलाबी.”

रविवारी दुपारी दत्ता आला. एक पेटी, दोन गोधड्या, चूल तिथंच. मावशींनी दोन्ही फळ्या ओढल्या, टाचा उंचावून वरची कडी घातली, कुलूप लावलं आणि ओढून बघितलं, लागलं का म्हणून. टेम्पोत बसताना मला म्हणाल्या, “येळेवर जेवत जा.” मी सोमवारी सामान बांधून अंबाजोगाईला परत आले. त्या खोलीत एकटीनं बसवेना.

मावशी आहेत अजून, थकल्या आहेत. महिन्यातून एकदा फोन असतो. फिल्मचं कधी विचारत नाहीत. एकदाच विचारलं होतं, “तो मानूस कुटवर गेला ओ बाई?” मी म्हटलं, चालतोय. म्हणाल्या, “बरंय.”

फिल्म मी पुरी केली नाही, कुठं पाठवली नाही. ते तीन सेकंद माझ्याकडं आहेत. अधूनमधून लावते. तज्ज्ञांना दाखवले, त्यांनी कामाचं कौतुक केलं, म्हणाले हात काय सुंदर उचललाय हो तुम्ही. मी नाही म्हटलं तर त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. काही मैत्रिणी म्हणतात, तुझ्याच मनात मावशींचं भलं होतं, ते हातातून उतरलं, तुला कळलं नाही. ऐकायला छान वाटतं. मलाही मी अशी असते तर आवडलं असतं.

पण माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. त्यांनी तहानलेलं राहावं, त्या दारात बसून राहावं, पण जाऊ नये, एवढंच होतं. म्हणून बाकी कशाचं उत्तर नसलं तरी एक मी खात्रीनं सांगते – ते छत्तीस फोटो माझे नाहीत. मी त्याला आत घेतलं असतं.